एका मडक्यात दोन वाड्या

"बाई, तुमच्या शाळेनं या वेळी आमचा घात केला."

अनंतशेठ गुजरे हसत हसतच म्हणाले, पण जीपमधून उतरताना पायरीवर बसलेल्या मुलांकडे त्यांनी पाहिलं नाही. जिल्हा परिषदेची निवडणूक नुकतीच झाली होती. शेठ दुसऱ्यांदा निवडून आले होते, पण अगदी काठावर. जीपच्या मागच्या सीटवर सुकत चाललेले हार पडले होते.

"शाळेनं?" मी विचारलं.

"शाळेतल्या केंद्रानं हो. मागच्या निवडणुकीत सावरखोलच्या या केंद्रावर आम्ही दुपटीनं पुढे होतो. या वेळी चक्क मागे! भिकाजी, सांग बाईंना."

भिकाजी धाडवे त्यांच्या मागे उभा होता. तो सावरखोलमधला शेठचा कार्यकर्ता आणि माझ्या पाचवीतल्या दिगंबरचा बाप. "या वेळी गट नव्यानं पाडले ना," तो चपलेनं माती उकरत म्हणाला. "कातळवाडी आधी देवघरच्या केंद्रावर मत टाकायची. आता आपल्या केंद्राला जोडली. तिथंच फिरलं सगळं."

"म्हणजे कातळवाडीचा साकव होणार नाही?"

"साकव होईल, होईल," शेठ म्हणाले. "पण निधी केवढासा असतो, बाई. ज्यांनी हात दिला त्यांचं आधी करायचं, मग बाकीच्यांचं. तुम्ही नाही का, अभ्यास करणाऱ्या पोराला आधी शाबासकी देत?"

मला उत्तर सुचलं होतं. पण शिक्षकांच्या बदल्या मे महिन्यात होतात आणि त्या कुणाच्या हातात असतात हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. मी चहा सांगितला.

सावरखोल आणि कातळवाडी यांच्या मधून एक पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात त्यात गुरं बसतात. पावसाळ्यात चढला की तो दोन पुरुष खोल जातो. पूर्वी त्यावर पायी जाण्यापुरता लाकडी पूल, म्हणजे साकव होता, तो एका पुरात वाहून गेला. तेव्हापासून पाऊस सुरू झाला की कातळवाडीची मुलं शाळेत यायची बंद होत, ती थेट गणपतीनंतर उगवत. तोवर पाढे विसरलेले असत. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. मला त्याचा कंटाळा नव्हता. पण दरवर्षी एखादं मूल परत येतच नसे.

जीप गेली तशी मुलं माझ्याभोवती जमली.

"बाई, शाळेनं काय केलं?" दुसरीतल्या एका पोरानं विचारलं. "शाळा पण मत टाकते?"

मोठी मुलं हसली. दिगंबर मात्र हसला नाही. "शाळेनं नाय रे. कातळवाडीनं केलं. बाबा म्हणाले ना आता. त्यांच्यामुळं आपलं नाव खराब झालं."

"आमच्या वाडीनं काय नाय केलं," रेवती म्हणाली.

रेवती शिगवण सहावीत होती. कातळवाडीची. अंगानं बारीक, पण आवाज असा की प्रार्थना तिनं सुरू केली तर पऱ्यापलीकडं ऐकू जाई. भिकाजीची बहीण कातळवाडीत दिलेली, तिची ही मुलगी. म्हणजे दिगंबरची आत्येबहीण.

"मग कुणी केलं? आम्ही?" दिगंबर म्हणाला. "आधी आम्ही एकटे होतो तेव्हा शेठ पुढं होते. तुम्ही आलात आणि मागं गेले. झालं की गणित."

"तुझी आत्या पण तिथंच राहते, माहिताय ना?"

"आत्या वेगळी, वाडी वेगळी."

रेवतीनं त्याची टोपी काढून पऱ्याच्या दिशेनं भिरकावली. दोघांना आवरलं, टोपी आणायला लावली, घंटा दिली. शाळा सुटल्यावर रेवती मागं रेंगाळली. फळा पुसायची तिची पाळी नव्हती, तरी पुसत बसली.

"बाई, साकव नाय होणार?"

"माहीत नाही गं."

"बाबा म्हणतात, साकव झाला नाय तर पावसाच्या आधी मला चिपळूणला काकाकडं पाठवणार. काकीला बाळ आहे. सांभाळायला कुणी नाय." ती फळ्याचा तोच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होती. "तिथं शाळेत घालतील म्हणतात. पण मोठ्या ताईला पण तसंच म्हणाले होते."

तिची ताई चिपळूणला गेली होती ते मला आठवत होतं. हुशार मुलगी. अक्षर छापल्यासारखं होतं.

त्या रात्रभर मला दिगंबरचं गणित छळत राहिलं. चुकलेलं गणित मला आवडतं, कारण ते शिकवता येतं. हे गणित तर सगळं गाव करत होतं. नळावर, दुकानात, देवळाच्या पायरीवर. सावरखोलवाले म्हणत, कातळवाडीनं आपल्याला बुडवलं, आता पोहत या म्हणावं. कातळवाडीवाले म्हणत, सावरखोलला साकव नकोच होता, निमित्त मिळालं.

दुसऱ्या शनिवारी मी शाळेच्या माठाशेजारचं जुनं मडकं धुऊन वर्गात आणलं. शेजारी एका सुपात चिंचोके ठेवले, दुसऱ्यात काजूबिया.

"आज खेळाच्या तासाला काय खेळायचं ते मतदानानं ठरेल," मी सांगितलं. "लंगडी हवी त्यानं चिंचोका घ्यायचा, खो-खो हवा त्यानं काजूबी. मूठ झाकून मडक्यापाशी जायचं. हात आत घालायचा आणि सोडायची. कुणी कुणाला सांगायचं नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही. आज फक्त पाचवी."

पाचवीत सगळी सावरखोलचीच मुलं होती. मडकं उपडं केलं तर काजूबियांचा ढीग मोठा. खो-खो झाला. सहावीतल्यांनी तोंडं वाकडी केली.

पुढच्या शनिवारी पुन्हा मडकं ठेवलं. "आज पाचवी आणि सहावी, दोघांचं एकच मडकं."

सहावीत कातळवाडीची मुलं जास्त होती. पुन्हा मुठी झाकल्या गेल्या, हात आत गेले. मडकं उपडं केलं. चिंचोके जास्त.

"आता सांगा," मी म्हटलं. "गेल्या शनिवारी या मडक्यानं खो-खो मागितला. आज लंगडी मागते. कोण फिरलं?"

"सहावी!" पाचवी एका सुरात ओरडली.

"नक्की?"

"नक्की, बाई!"

"बरं. मग एकेकानं पुढं या आणि यातले सहावीचे चिंचोके निवडून बाजूला ठेवा."

मुलं पुढं आली. ढिगाभोवती उकिडवी बसली. एकानं चिंचोका उचलून उजेडात धरला. एकीनं वास घेऊन पाहिला. जरा वेळानं सगळी माझ्याकडं बघायला लागली.

"कळत नाय," कुणीतरी म्हणालं.

"पण सहावीचेच असणार ना, बाई," दुसरी एक म्हणाली. "आम्ही तर तेच आहोत. आम्ही कशाला बदलू?"

मी खडू खाली ठेवला. अशा वेळी थांबायचं असतं. वर्गात शांतता पसरली की कुठून तरी उत्तर चालत येतं.

दिगंबरनं हळूच हात वर केला.

"काय रे? पाणी प्यायचंय?"

"नाय." तो उभा राहिला. कान लाल झाले होते. "बाई, मी फिरलो."

"काय?"

"गेल्या शनिवारी मी काजूबी टाकली. आज चिंचोका टाकला." त्यानं चड्डी वर ओढून गुडघा दाखवला. खपली धरली होती. "खो-खोत पडलो ना परवा. गुडघा फुटला."

वर्ग खदाखदा हसला. "घरभेदी!" पाचवीतून कुणीतरी ओरडलं. दिगंबर खाली बसणार एवढ्यात रेवती म्हणाली,

"हसता काय? गुडघा फुटला तर माणूस बदलणारच ना."

"मीपण बदलले," पाचवीतल्याच एका मुलीनं खालच्या आवाजात सांगितलं. मग सहावीतला कातळवाडीचा एक मुलगा म्हणाला, "मी तर काजूबीच टाकली. मला लंगडी आवडत नाय."

"तुम्हांला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "ज्याला सांगावंसं वाटलं त्यानं सांगितलं, छान झालं. ज्यांनी सांगितलं नाही त्यांचंही बरोबर आहे. पण आता मला सांगा, नुसतं मडकं बघून हे कळलं असतं?"

दिगंबर स्वतःशी बोलावं तसं म्हणाला, "म्हणजे बाबांना पण नाय कळणार."

त्या दिवशी लंगडी झाली. नंतर सुपं उचलताना पाहिलं तर काजूबिया निम्म्याच उरल्या होत्या. शाळेमागून भाजल्याचा वास येत होता.

एक मेला झेंडावंदन असतं आणि त्याच दिवशी मुलांचा निकाल. त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून सरपंचांनी अनंतशेठना बोलावलं होतं. दोन्हीकडची माणसं आली. सावरखोलची मंडपाच्या उजवीकडं बसली, कातळवाडीची डावीकडं. मध्ये गुरं जातील एवढी वाट रिकामी.

आदल्या दिवशी रेवती आणि दिगंबर माझ्याकडं आले होते. टोपीचं भांडण दोघं विसरले होते.

"बाई, आम्ही मडक्याचा खेळ करून दाखवू?" रेवतीनं विचारलं. "शेठना?"

मला बदलीचा विचार आला नाही असं नाही. माझी म्हातारी सासू घरी होती, लांबच्या शाळेत टाकलं असतं तर मोठी पंचाईत होती. पण मुलांना प्रयोग शिकवायचा आणि तो करू द्यायचा नाही, हे कसं जमणार?

"करा," मी म्हटलं. "पण शेठना उलटं बोलायचं नाही. पाहुणे आहेत."

"उलटं कशाला बोलू?" रेवती म्हणाली. "सरळच बोलणार."

निकाल वाटून झाले. शेठचं भाषण झालं. विकास, शिक्षण, सगळं आलं, साकव तेवढा आला नाही. मग दिगंबर मडकं घेऊन आला. रेवतीनं मोठ्या आवाजात सांगितलं की दोन्ही वाड्यांतल्या पाच-पाच माणसांनी पुढं यावं. सुपातून काय हवं ते मुठीत घ्यावं आणि मडक्यात सोडावं. माणसं लाजत, एकमेकांना ढकलत उठली. एका म्हाताऱ्यानं चिंचोका तोंडात टाकला म्हणून हशा पिकला. दहा हात मडक्यात जाऊन आले.

रेवतीनं मडकं शेठच्या पुढ्यातल्या टेबलावर उपडं केलं.

"शेठ," ती म्हणाली, "यातलं कातळवाडीचं तेवढं निवडून द्या."

शेठ हसले. माणसंही हसली. शेठनी एक चिंचोका उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

"हे काय, कोडं आहे का?"

"नाय. आमच्या शाळेतलं केंद्र आहे."

हशा थांबला. डावीकडून कुणीतरी खाकरलं. शेठ खुर्चीत मागं टेकले. "बाईंनी शिकवलंय वाटतं," माझ्याकडं बघत ते म्हणाले. आवाज गोडच होता, पण मला बदल्यांची यादी आठवली.

"बाईंनी मडकं आणलं," दिगंबर मध्येच म्हणाला. "बाकी आम्हांला आपोआप कळलं. आधी मीच म्हणत होतो की कातळवाडी फिरली. आता मला माहीत नाय."

"भिकाजी," शेठ म्हणाले, "तुझं पोरगं काय म्हणतंय बघ. तू तर सांगत होतास ना, कुठं फिरलं ते? सांग आता सगळ्यांसमोर."

भिकाजी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. सगळ्या माना तिकडं वळल्या. कातळवाडीच्या बायकांत त्याची बहीण बसली होती, रेवतीची आई. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि खाली बघत राहिली.

"मामा, सांगा ना," रेवती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

भिकाजी टेबलापाशी आला. चिंचोके आणि काजूबियांच्या ढिगाकडं बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी तो ढीग गोळा केला आणि पुन्हा मडक्यात भरला. अगदी शेवटची काजूबीसुद्धा.

"शेठ," तो म्हणाला, "मडक्यातलं मडक्यात राहू दे. साकव करा."

एवढंच. शेठ त्याच्याकडं बघत राहिले. दहा वर्षं त्यांच्या जीपमागं धावणारा माणूस. त्याच्याकडून ही अपेक्षा नसावी.

"आणि पुढच्या वेळी?" शेठनी हसत विचारलं. "साकव केला तर पुढच्या वेळी मडकं काय बोलेल?"

उत्तर रेवतीनं दिलं. "ते आत्ता कसं सांगणार? पण पाच वर्षांनी परत भरायचंच आहे ना, शेठ. दोन्ही वाड्या मिळून."

शेठ मोठ्यानं हसले. खरं हसले की राजकारणातलं, ते मला कधीच कळलं नाही. "पोरगी निवडणुकीला उभी राहील एक दिवस," ते सरपंचांना म्हणाले, आणि उठता उठता भिकाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "इंजिनिअर पाठवतो. मोजून घे."

इंजिनिअर आला, पण त्या पावसाळ्याआधी काम व्हायचं नव्हतंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात रेवतीची पिशवी भरून दारात ठेवली होती, असं दिगंबरनं मला सांगितलं. त्याच दिवशी भिकाजी बहिणीच्या घरी गेला. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण पिशवी परत उघडली गेली. त्या सबंध पावसाळ्यात पऱ्याच्या दोन्ही काठांच्या झाडांना जाड दोर बांधलेला होता, आणि शाळेच्या वेळेला भिकाजी मांड्यांपर्यंत पाण्यात उभा असे. त्याच्या जोडीला आधी कातळवाडीचे दोघं आले, मग सावरखोलचे तिघं. पाणी फारच चढलं तर शाळा बुडे, नाही तर मुलं खांद्यांवर बसून येत. त्या वर्षी गणपतीनंतर मला पाढे पहिल्यापासून सुरू करावे लागले नाहीत. पुढच्या वर्षी साकव झाला. माझी बदलीही झाली, पण ती पाच वर्षं पुरी झाली म्हणून, रीतसर.

आता मी निवृत्त होऊन खेडला राहते. गेल्या वर्षी सावरखोलच्या शाळेचा वर्धापनदिन होता, म्हणून बोलावणं आलं. रेवती स्टेशनवर घ्यायला आली होती. ती आता देवघरच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि तिचा आवाज तसाच आहे. कार्यक्रमानंतर ती म्हणाली, "आईनं जेवायला बोलावलंय, कातळवाडीला." आम्ही चालत निघालो. साकवाच्या तोंडाशी भिकाजी बसला होता. केस पांढरे, हातात काठी. मला बघून उठला.

रेवती पुढं गेली. मी साकवाच्या मध्यावर टेकले. खाली पाणी संथ होतं.

"भिकाजी," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही नसता बोललात तर हा झाला नसता."

तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"बाई, एक सांगू? आता शेठ पण नाहीत, सांगायला हरकत नाही." त्यानं काठीनं पलीकडचा काठ दाखवला. "त्या निवडणुकीच्या आधीच्या गौरींना बहीण माहेरी यायला निघाली. सूप, गौरीपुढं ठेवायचा ओवसा सगळं घेऊन. पऱ्या भरलेला. ती तिकडं उभी, आई इकडं उभी. दोघी ओरडून बोलत होत्या, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. नुसते हात हलवले आणि परत गेल्या. आई त्याच आठवड्यात वारली, पाणी उतरायच्या आधीच. त्यानंतर दोघींची गाठ नाही पडली."

मी पलीकडच्या काठाकडं पाहिलं.

"फेब्रुवारीत मी शेठचा प्रचार केला. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. मतदानाला आत गेलो, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभा राहिलो, आणि मला त्या दोघींचे हात दिसले. पाच वर्षांत एक साकव केला नव्हता माणसानं." तो जरा हसला. "माझं बोट दुसऱ्याच बटणावर गेलं. आकडे आल्यावर भ्यालो. म्हणून कातळवाडीचं नाव घेतलं. बहिणीच्या वाडीचं! आणि मग एका शनिवारी दिगा घरी येऊन सांगतो, बाबा, मी वर्गात हात वर केला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही."

रेवती पलीकडच्या काठावरून हाका मारत होती. "बाई, चला! मामा, तुम्ही पण! भात निवतोय!"

"आणि साकव झाल्यावर?" मी उठता उठता विचारलं. "पुढच्या निवडणुकीला? पुन्हा फिरलात की नाही?"

भिकाजीनं माझा हात धरून मला उभं केलं. डोळे मिचकावले.

"असं विचारायचं नसतं, बाई," तो म्हणाला. "दिग्याला तुम्हीच शिकवलंय."